खानदानी मांजराचे काळीज

आमच्या भोर-वेल्ह्याकडे मांजर विकत घेण्याची रीत नव्हती. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण जुन्या जिभेवर अजून वेल्हेच आहे.) शेजारच्या वाडीवरून पिल्लू मागून आणायचे आणि भाताच्या कणगीपाशी सोडायचे, एवढाच काय तो व्यवहार. देणारा पैसे घेत नसे, घेणारा रंगरूप पाहत नसे. एक प्रश्न मात्र हमखास विचारला जाई: "याची आई उंदीर धरते का हो?" भाटी उंदीर धरणारी असेल तर पिल्लू धरील, ही त्यामागची समजूत. खाण तशी माती. पाटीवर दोन अक्षरेही न गिरवलेल्या बाईला आनुवंशाचे तत्त्व इतके पक्के ठाऊक होते.

आता काळ पालटला आहे. भाटघरच्या आणि पानशेतच्या पाण्याकाठी पुण्या-मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. त्यांच्याबरोबर सुट्टीपुरती का होईना, चपट्या नाकाची पर्शियन आणि झुपकेदार शेपटीची मेन कून मांजरे आली. त्यांचे पाहून आमच्या भोरातही हौस उपजली. दिवाळीच्या सुमाराला मुलांना भेट म्हणून पिल्लू आणण्याची टूम निघाली. हजारो रुपये मोजायचे, पिल्लाबरोबर एक छापील कागद मिळवायचा आणि तो पाहुण्यांना दाखवायचा! त्या कागदावर बापाचे नाव, आईचे नाव, आज्याचे, पणज्याचे नाव. कोणी कोणते पदक मिळवले त्याची नोंद. हीच त्या मांजराची वंशावळ.

या कागदाविरुद्ध माझी तक्रार आहे. ज्या गोष्टीसाठी वंशावळ पाहायची, ती गोष्ट सोडून बाकी सारे त्यावर असते. बापाच्या अंगावरच्या पट्ट्यांचा रंग असतो. बापाचे काळीज कसे होते ते नसते. आणि खानदानी मांजरांच्या बाबतीत खरी भीती काळजाचीच आहे.

मांजराच्या हृदयाचा एक रोग आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत त्यात जाड होत जाते. डॉक्टर त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. मांजरांच्या हृदयविकारांत हाच सर्वांत अधिक आढळतो. निरोगी मांजराची ही भिंत साधारणपणे पाच मिलिमीटरच्या आत असते. सहा किंवा अधिक भरली आणि जाडीचे दुसरे कारण सापडले नाही, तर हा रोग आहे असे धरतात. भिंत जाड झाली म्हणजे हृदय बळकट झाले असे कोणाला वाटेल. प्रकार उलटा आहे. जाड भिंत ताठर होते. दोन ठोक्यांच्या मधे हृदयाने सैल होऊन रक्त भरून घ्यायचे असते, ते तिला जमत नाही. मग रक्त मागे तुंबते, वरचा कप्पा फुगतो, फुप्फुसांत पाणी साचते आणि मांजर तोंड उघडून धापा टाकू लागते. फुगलेल्या कप्प्यात संथ झालेल्या रक्ताची गुठळी बनते. ती सुटून वाहत गेली की शरीराच्या मुख्य रक्तवाहिनीला जिथे मागच्या पायांकडे फाटे फुटतात, तिथे अडकते. घटकेपूर्वी उड्या मारणारे मांजर मागचे दोन्ही पाय ओढत ओरडू लागते.

आणि कित्येकदा यातले काहीच होत नाही. मांजर नुसते मरते. ना ताप, ना खोकला, ना अन्नाची नावड. रोग काही वर्षे आत वाढत असतो आणि बाहेर मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळत असते. दुखणे लपवण्यात मांजरासारखा प्राणी नाही.

आमच्या मावळी मुलखात याला आणखी एक फाटा फुटतो. पावसाळ्यात खाचरांच्या बांधावर घोणस आहे, मण्यार आहे. मांजराचे मागचे पाय गेले की पहिला शब्द निघतो, "पान लागलं." दुसरा शब्द निघतो, "शेजाऱ्यानं काहीतरी घातलं असंल." पहिल्या शब्दाने मांजराला मांत्रिकाकडे नेले जाते, दुसऱ्याने दोन घरांचे बोलणे तुटते. मागचे पाय एकाएकी लुळे पडले, हाताला थंड लागले, तळव्यांच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसल्या आणि मांजर वेदनेने किंचाळत असले, तर गुठळीचा संशय आधी घ्यावा आणि ताबडतोब पशुवैद्य गाठावा. घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नये; माणसाला मानवणारे पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

आता कोणी म्हणेल, दुखणी कोणाला चुकली? यात ब्रीडरचा, म्हणजे पैदास करून विकणाऱ्याचा, दोष काय? तो कसा आहे ते सांगतो.

मांजरांच्या बहुतेक जाती माणसाने अलीकडे, प्रदर्शनात मांडण्यासाठी घडवल्या. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि तिथून या शौकाला रूप आले. पुढे तोच वेअर या मंडळींपासून दूर झाला. यांना मांजरांच्या हितापेक्षा बक्षिसांची हाव अधिक, असा त्याचा आक्षेप होता. ज्याने झाड लावले त्यालाच फळ कडू लागले! रॅगडॉल ही जात तर १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात ॲन बेकर या बाईंनी, जोसेफाइन नावाच्या एका मांजरीच्या पिल्लांपासून सुरू केली. अशा रीतीने जात घडवायची म्हणजे मोजके पूर्वज निवडायचे आणि त्यांच्याच गोतावळ्यात पुन्हा पुन्हा जोड लावायची. रंग पक्का होतो, केस पक्के होतात. पण त्या मोजक्या पूर्वजांपैकी एकाच्या काळजात खोट असेल, तर तीही रंगाबरोबर पक्की होते.

ही नुसती शंका नाही. मेन कून मांजरांत हा रोग घराण्यातून उतरतो, असे १९९९ साली कॅलिफोर्नियाच्या मार्क किटलसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. २००५ साली कॅथरिन म्यूर्स यांच्या चमूने दोष नेमका कुठे आहे ते शोधले. हृदयाच्या स्नायूत मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या ३१ व्या जागेवर अ‍ॅलॅनिन हवे, तिथे प्रोलीन आले होते. हजाराहून अधिक मण्यांच्या माळेत एक मणी बदलला, एवढाच फरक. २००७ साली रॅगडॉल मांजरांत याच प्रथिनाच्या ८२० व्या जागेवर दुसरा दोष सापडला. पुढच्या तपासण्यांत सुमारे एकतृतीयांश मेन कून मांजरे हा दोष बाळगून असल्याचे दिसले. दोष एकाच बाजूकडून, आईकडून किंवा बापाकडून, आला तर पुष्कळ मांजरे आयुष्य सुखाने काढतात. दोन्हीकडून आला तर धोका फार वाढतो.

दोन्हीकडून दोष येतो कसा? दोष असलेला बोका आणि दोष असलेली मांजरी यांची जोड लावली म्हणजे. ती जोड कोण लावतो? मांजरे कौलांवर भटकत आपापली लग्ने लावतात तेव्हा तिथे कोणाचा दोष काढता येत नाही. पण जिथे बोका पिंजऱ्यात आहे, मांजरी पिंजऱ्यात आहे आणि दार उघडणारा हात माणसाचा आहे, तिथे जन्मणाऱ्या पिल्लाच्या काळजाची जबाबदारी त्या हाताची आहे. गालाच्या आतून कापसाने पुसून घेतलेल्या नमुन्यावरून या दोषाची तपासणी होते, त्याला आता वीस वर्षे झाली. ती न करता जोड लावायची, पिल्लू विकायचे आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ते गेले की "नशीब तुमचे" म्हणायचे, याला मी व्यापारातली लबाडी म्हणतो. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. इथे मांजर विकणारा डोळे मिटून पैसे मोजतो.

या विषयावर बोलू लागले की उत्तरे ठरलेली मिळतात. एकेक पाहू.

पहिले उत्तर असे की, गावठी मांजरांनाही हा रोग होतो. खरे आहे, आणि ते लपवण्याचे मला कारण नाही. इंग्लंडात निवाऱ्यांतली वरवर निरोगी दिसणारी शेकडो मांजरे तपासली, तेव्हा त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांत भिंत जाड झालेली आढळली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा आमची कणगीवरची भाटी अमरपट्टा घेऊन आलेली नाही. पण यातून ब्रीडर सुटत कसा? गावठी मांजराची वंशावळ कोणी विकत नाही. जो 'घराण्याची' म्हणून किंमत घेतो, त्याने घराण्याची हमीही द्यायला हवी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा मामला आहे.

दुसरे उत्तर असे की, जनुकाची तपासणी पुरी पडत नाही. हेही खरे. तपासणीत निर्दोष ठरलेल्या मांजरालाही दुसऱ्या कारणाने हा रोग होऊ शकतो. पर्शियन मांजरांसाठी तर या हृदयरोगाची अशी जनुक-तपासणी नाहीच, आणि आपल्याकडे खप अधिक तो पर्शियनांचा. म्हणून तर पैदाशीच्या मांजरांची टू-डी इको वर्षाच्या वर्षाला करावी लागते, आणि तीही हृदयाची जाण असलेल्या पशुवैद्याकडून. छातीला नळी लावून भागत नाही. रोग असूनही ठोक्यांत आवाज नसतो, आणि आवाज असूनही रोग नसतो. पण एक चाळण बारीक नाही म्हणून कोणी धान्य न चाळता दळत नाही.

तिसरे उत्तर खर्चाचे. इको महाग पडते म्हणतात. हजारोंनी पिल्लू विकणाऱ्याच्या तोंडी हे शोभत नाही. त्याने किंमत वाढवावी आणि तपासणीचा कागद द्यावा. गिऱ्हाईक कमी होतील, पिल्ले कमी होतील. तेही वाईट नाही.

चौथे उत्तर सज्जनांचे आहे, म्हणून त्याला सबुरीने बोलतो. ते विचारतात, या तालुक्यांत माणसाच्या छातीत कळ आली तरी पुण्याची वाट धरावी लागते. तिथे मांजराच्या काळजाचे कौतुक कशाला? त्यांना सांगायचे ते असे की हा प्रश्न मांजरावर संपत नाही. ज्या प्रथिनाच्या खोटीने मेन कूनचे हृदय जाड होते, तेच प्रथिन माणसाच्या हृदयातही आहे. त्याच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेली माणसे आपल्या उपखंडात शंभरात चारच्या आसपास आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीमधील कुमारसामी थंगराज आणि देशोदेशीच्या संशोधकांनी २००९ साली हे प्रसिद्ध केले. ही उणीव असलेल्या प्रत्येकाला रोग होतो असे नाही, पण हृदयाच्या दुखण्याचा धोका तिने वाढतो असे त्यांना दिसले. आपल्याकडे सोयरीक जमवताना घराणे पाहतात, शेत पाहतात, देवक विचारतात. मुलाचा चुलता पस्तिशीत चालता-बोलता कसा गेला, हे विचारणे मात्र अभद्र समजतात. मांजराच्या वंशावळीवर काळजाची नोंद नाही, कारण आपल्या वंशावळीवरही ती नाही. मांजराबद्दल विचारायला जो शिकेल तो स्वतःच्या घरात विचारायला कचरणार नाही, अशी माझी आशा आहे.

मग खरी वंशावळ कशी असते? त्यासाठी विलायतेला जायला नको. आमच्या भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेध्यांची शकावली लोकमान्य टिळकांनी मिळवली आणि १९१६ साली ती छापून प्रसिद्ध झाली. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात तिने केवढे काम केले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या शकावलीचे मोल कशात आहे? तीत जन्म आहेत तसे मृत्यूही आहेत. जय आहेत तशा पडत्या काळाच्या नोंदीही आहेत, आणि त्या तिथी-वारानिशी आहेत. म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. आपल्याला विकल्या जाणाऱ्या मांजराच्या कागदावर मात्र सगळे जन्म आणि सगळी पदके! त्या घराण्यात कधी कोणी मेलेच नाही असे वाटावे. ज्या वंशावळीत मरण नाही ती वंशावळ नसून जाहिरात आहे.

माझी मागणी त्यावरून निघते. प्रत्येक ब्रीडरने आपल्या मांजरांची शकावली ठेवावी. कोणता बोका कोणत्या वर्षी जन्मला, त्याची इको कधी झाली, भिंत किती भरली, तो कशाने आणि कितव्या वर्षी मेला, त्याच्या पिल्लांचे पुढे काय झाले. दोष दोन्हीकडून आलेले मांजर पैदाशीला घेऊ नये. २०२० साली अमेरिकेतून निघालेल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे. एकीकडूनच दोष आलेले मांजर एकदम बाद करण्याचीही घाई नको, कारण मूळ गोतावळाच लहान. त्याची जोड निर्दोष मांजराशी लावावी आणि त्याची निर्दोष पिल्ले पुढे न्यावीत. हा हिशेब आठवीतल्या मुलाला कळेल इतका सोपा आहे. तो ज्याला कळत नाही, त्याला तो कळून घ्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारकडेही मागणे आहे. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केंद्राने २०१७ साली केले. पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम २०१८ साली आले आणि त्यांत मांजर धरलेले आहे. पण मांजरांच्या पैदाशीचे स्वतंत्र नियम नाहीत. घराच्या मागच्या खोलीत दोन पिंजरे ठेवून कोणीही 'ब्रीडर' होतो. पुणे महानगरपालिकेने २०२२ साली मांजरांनाही परवाना सक्तीचा केला. म्हणजे पाळणाऱ्याने कागद दाखवायचा. पैदास करणाऱ्याने मात्र आईबापांच्या काळजाचा कागद दाखवायचा नाही! नीरा ओलांडली की शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ज्ञान आपल्या उंबऱ्याशी आहे. त्याला विचारणारे गिऱ्हाईक हवे.

शेवटी येतो तो तुमच्याकडे, वाचकहो. नियम येतील तेव्हा येतील. बाजार सुधारतो तो गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने. या दिवाळीत पिल्लू आणण्याचे घरात घाटत असेल, तर किमतीच्या आधी चार गोष्टी विचारा. आईबापांची इको झाली आहे का, आणि कधी? त्या जातीत जनुकाची तपासणी होत असेल तर तिचा कागद कुठे आहे? या घराण्यातली मांजरे किती वर्षे जगली? पिल्लू पुढे आजारी निघाले तर तुम्ही ते ऐकून घ्याल का, आणि पुन्हा तीच जोड लावाल का? उत्तर टाळले गेले तर खुशाल उठून या. मुले रुसतील. रुसलेली मुले लाडवाने समजतात. पाच वर्षे उशाशी निजलेले मांजर एका सकाळी ताठ पडलेले दिसल्यावर ती कशाने समजवायची?

आणि ज्यांच्या घरी असे मांजर आधीच आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये, त्याला टाकूनही देऊ नये. त्याने काही केलेले नाही. ते गाढ निजले असताना एक मिनिट घड्याळ लावून त्याचे श्वास मोजावेत. वारंवार तिसाच्या वर जाऊ लागले तर पशुवैद्याला दाखवावे. गुठळीचा धोका कमी करणारी, फुप्फुसांतले पाणी उतरवणारी औषधे आहेत, आणि वेळेवर कळले तर अशी मांजरेही पुष्कळ काळ सुखात राहतात. मात्र तपासणीवाचून त्याची पिल्ले होऊ देऊ नयेत.

वसुबारसेला आपण गाईबरोबर वासरालाही ओवाळतो, कारण आईचे आणि लेकराचे सुखदुःख एक असते हे आपल्याला कळते. मग मांजराच्या आईची चौकशी करायला आपल्याला लाज का वाटावी? कणगीपाशी पिल्लू सोडणारी आमची आजी आईचा गुण विचारूनच पिल्लू घेत होती, आणि तेही फुकट मिळत असताना. हजारो रुपये मोजणाऱ्यांनी निदान तिच्याइतके तरी शहाणे असावे.